बिअर निवळविणारा सरस

गढूळ पाणी निवळविण्याची कला आपल्या देशांत फार प्राचीन आहे. निवळीचें बीं मातीच्या भांड्याच्या आंतल्या बाजूस घासावें, त्यांत पाणी ओतावें आणि रात्रभर तें स्थिर राहूं द्यावें. सकाळीं गाळ तळाशीं बसून वर स्वच्छ पाणी राहतें. निवळीस संस्कृतांत कतक म्हणतात. कतकाचें नुसतें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं, त्यास फळच लागतें, असा दृष्टांत मनुस्मृतींत आलेला आहे. त्या अर्थीं ही युक्ति त्या काळींही घरोघरीं ठाऊक असली पाहिजे. पावसाळ्यांत पाण्यांत तुरटी फिरविण्याचा प्रघात तर अनेक श्रोत्यांच्या घरीं असेल. कोल्हापूरकडील गुऱ्हाळांत रस उकळूं लागला म्हणजे भेंडीच्या झाडाचा बुळबुळीत चीक त्यांत घालतात आणि वर आलेली मळी काढून टाकतात. या साऱ्यांच्या मुळाशीं तत्त्व एकच आहे. द्रवांत तरंगणारे कण इतके सूक्ष्म असतात कीं, ते आपल्या भारानें लवकर खालीं बसत नाहींत. त्यांना एकमेकांशीं बांधणारें कांहीं तरी त्यांत घातलें, म्हणजे त्यांचे पुंजके बनतात व द्रवापासून वेगळे होतात.

युरोपांतील बिअर करणाऱ्यांपुढें हाच प्रश्न उभा होता. बिअर ही मोड आणून वाळविलेल्या जवांपासून करतात. ते जव भरडून गरम पाण्यांत भिजविले म्हणजे त्यांतील पिठूळ अंशाची साखर बनते. तो गोड काढा हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात, निववितात व त्यांत यीस्ट म्हणजे किण्व घालतात. किण्व ती साखर खातें आणि तिच्यापासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायु उत्पन्न करतें. हें काम संपल्यावरही किण्वाच्या असंख्य पेशी द्रवांत तरंगत राहतात. शिवाय जवांतील प्रथिनें आणि हॉप व टरफलें यांतील तुरट द्रव्यें यांचा संयोग होऊन एक प्रकारचा धूसरपणा येतो. तो थंडींत वाढतो आणि पेय कोंबट झालें कीं पुष्कळसा नाहींसा होतो. पुरेसे दिवस थांबलें तर यांपैकीं बराच गाळ आपोआप खालीं बसतो. परंतु कारखानदाराच्या दृष्टीनें भरून ठेवलेलें पिंप म्हणजे अडकून पडलेलें भांडवल. आठवड्यांचें काम दोन दिवसांत करणारा पदार्थ त्याला हवा होता.

इंग्लंडांत अठराव्या शतकांत यावर जो उपाय रूढ होता, तो ऐकून शाकाहारी मनुष्य दचकल्यावांचून राहणार नाहीं. पिंपांत माशाचा सरस घालीत असत. इंग्रजींत त्यास आयझिंग्लास म्हणतात. ज्याच्या अंड्यांना कॅव्हियार या नांवानें मोठी किंमत येते, त्या स्टर्जन माशापासून तो मिळे. माशाच्या पोटांत पाठीच्या कण्याखालीं हवेनें भरलेली एक पिशवी असते. तिच्यायोगें त्याला पाण्यांत हव्या त्या खोलीवर तरंगतां येतें. व्होल्गा नदी व कास्पियन समुद्र यांच्या कांठचे रशियन कोळी ही पिशवी काढून धूत, तिच्यावरील निरुपयोगी पापुद्रा सोलीत आणि उरलेला पांढरा भाग वळून उन्हांत वाळवीत. तो माल रशियाच्या बंदरांतून लंडनला येई. कारखान्यांत त्याचे तुकडे आंबट झालेल्या बिअरमध्यें कित्येक दिवस भिजत घालीत. ते फुगून त्यांची दाट खळ झाली कीं ती पिंपांत ओतीत.

हा सरस तयार कसा होतो, हें मात्र पश्चिम युरोपांतील विद्वानांना पुष्कळ दिवस ठाऊक नव्हतें. माशाचे अवयव उकळून तो काढीत असावेत, अशी ग्रंथांतून चालत आलेली समजूत होती. त्या रीतीनें घरीं केलेला सरस बिअर निवळवीत नसे. हम्फ्री जॅक्सन नांवाच्या रसायनज्ञानें १७७३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. रशियन मालांत उकळण्याची क्रियाच नाहीं, तो केवळ स्वच्छ करून वाळविलेला पापुद्रा आहे, आणि उकळून त्याची खळ केली तर त्याचा निवळविण्याचा गुण जातो, असें त्यानें दाखविलें. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे; तिचा उलगडा पुढें जवळजवळ दोनशें वर्षांनीं झाला.

याच जॅक्सनच्या नांवाशीं एक खेदकारक प्रकरण जोडलेलें आहे. लंडनच्या साउथवर्क भागांत हेन्री थ्रेल याचा बिअरचा मोठा कारखाना होता. डॉ. सॅम्युएल जॉन्सन हे या कुटुंबाचे स्नेही. जव आणि हॉप यांच्यावांचून बिअर करण्याची युक्ति आपणांस साधली आहे, असें जॅक्सननें थ्रेलच्या मनांत भरविलें. थ्रेलनें त्यावर विश्वास ठेवून पैसा घातला आणि १७७२ सालीं कारखाना दिवाळखोरीच्या कांठावर येऊन ठेपला. थ्रेलची पत्नी हेस्टर व कारखान्याचा व्यवस्थापक जॉन पर्किन्स यांनीं कर्जें उभीं करून तो कसाबसा सांवरला. १७८१ सालीं थ्रेल वारल्यावर तोच कारखाना १,३५,००० पौंडांना विकला गेला, यावरून केवढी मालमत्ता पणाला लागली होती याची कल्पना येईल. एका बाबतींत अचूक निरीक्षण करणारा मनुष्य दुसऱ्या बाबतींत इतरांना खड्ड्यांत घालूं शकतो, हें विज्ञानाच्या इतिहासांत अनेकदां दिसून येतें.

रशियन सरस महाग होता. शतकाच्या अखेरीस एका पौंडास पंचवीस शिलिंगांपर्यंत त्याचा भाव गेला होता. स्वस्त पर्याय शोधून काढला तो विल्यम मर्डॉक यानें. स्कॉटलंडांत १७५४ सालीं जन्मलेला हा गृहस्थ बोल्टन व वॅट यांच्या वाफेच्या यंत्रांच्या कारखान्यांत नोकरीस होता. १७९२ सालीं कॉर्नवॉलमधील रेडरूथ येथें आपल्या घरांत कोळशाच्या वायूचा दिवा लावणारा तो हाच. १७९५ सालीं त्यानें इंग्लंडच्या समुद्रांत विपुल मिळणाऱ्या कॉड माशापासून तसाच सरस तयार केला. लंडनच्या बिअर कारखानदारांच्या मंडळीनें ही कृति वापरण्याच्या हक्कासाठीं त्याला २००० पौंड दिले. निवळपणाचें मोल बाजारांत काय होतें, तें या एका आंकड्यावरून कळतें.

तरीही त्या काळचे बहुतेक ग्राहक जस्ती रंगाच्या मिश्रधातूच्या किंवा मातीच्या अपारदर्शक पेल्यांतून बिअर पीत असत. पेल्यांत काय आहे तें डोळ्यांना फारसें दिसत नसे. हा पडदा एकोणिसाव्या शतकांत दूर झाला. ५ ऑक्टोबर १८४२ रोजीं बोहेमियांतील पिल्सेन गांवीं योसेफ ग्रोल यानें सोनेरी रंगाची निर्मळ बिअर तयार केली आणि तिची कीर्ति झपाट्यानें युरोपभर पसरली. इंग्लंडांत कांचेवर जबर कर होता. तो सर रॉबर्ट पील यांच्या मंत्रिमंडळानें १८४५ सालीं उठविला. कांचेचे पेले स्वस्त होऊन सामान्य माणसाच्या हातीं आले. आतां गढूळ बिअर म्हणजे बिघडलेली किंवा भेसळीची बिअर, असा ग्रह दृढ झाला. जी गोष्ट आजवर जिभेनें पारखली जात होती, ती डोळ्यांनीं पारखली जाऊं लागली.

या व्यापाराशीं भारताचा संबंध दुहेरी होता. बर्टन-ऑन-ट्रेंट व लंडन येथील फिकट बिअर जहाजांतून अनेक महिन्यांचा प्रवास करून मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील इंग्रज गिऱ्हाइकांसाठीं येत असे. उलट दिशेनें पाहिलें तर आपल्या किनाऱ्यावरील माशांच्या पिशव्या वाळवून चीन देशांत पाठविण्याचा व्यापारही चालू होता. तेथें तें मेजवानीचें खाद्य समजलें जातें. डॉ. जॉन फोर्ब्स रॉइल या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८४२ सालीं भारताच्या किनाऱ्यावरील सरसाच्या उत्पादनाविषयीं एक पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध केलें. रशियावर अवलंबून न राहतां हा माल भारतांतून मिळवावा, हा त्यामागील विचार. पालघर-वसईकडील कोळी बांधव घोळ माशाच्या पोटांतील या पिशवीस भोत म्हणतात, आणि आजही माशाच्या मांसापेक्षां तिला किती तरी पट अधिक किंमत येते.

आतां जिलेटिनाकडे वळूं. जनावरांचीं कातडीं, हाडें व स्नायुबंध यांत कोलेजन नांवाचें प्रथिन असतें. माशाच्या पिशवींतही तेंच असतें. तें पाण्यांत बराच वेळ तापविलें म्हणजे विरघळून जिलेटिन बनतें. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ यानें १६७९ सालीं लंडनमध्यें घट्ट झांकणाचें एक भांडें करून दाखविलें. त्यांत वाफेच्या दाबाखालीं हाडें मऊ होत व त्यांतील सरस पाण्यांत उतरे. आजच्या प्रेशर कुकरचा हा पूर्वज होय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिसमध्यें झोझेफ दार्से यानें हाडांपासून जिलेटिन काढून त्याचें सार रुग्णालयांतील गरिबांना देण्याची योजना चालविली. थोड्या खर्चांत मांसाचें पोषण मिळेल, ही त्यामागील आशा होती. परंतु त्याविषयीं शंका उत्पन्न झाल्या. फ्रेंच विज्ञान अकादमीनें मार्झांदी यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी नेमली आणि कुत्र्यांवरील दीर्घ प्रयोगानंतर १८४१ सालीं असा निर्णय दिला कीं, केवळ जिलेटिनावर प्राणी जगूं शकत नाहीं. याचें कारण आज ठाऊक आहे: शरीरास अत्यावश्यक असलेलें ट्रिप्टोफॅन हें अमिनो आम्ल जिलेटिनांत मुळींच नसतें. त्या निर्मळ, पारदर्शक सारावर विसंबलेल्या गरिबांचें पोट भरल्यासारखें वाटे, पण शरीर भरत नसे. अन्न म्हणून नापास झालेला हा पदार्थ मिठाईंत, औषधांच्या आवरणांत आणि पेयें निवळविण्यांत मात्र कामास आला.

तो निवळवितो कसा, हें समजण्यास आधीं गढूळपणा म्हणजे काय हें समजावें लागलें. १८३७ सालीं फ्रान्समध्यें काञार द ला तूर व जर्मनींत थिओडोर श्वान यांनीं किण्व हा सजीव पदार्थ आहे असें दाखविलें; पुढें पाश्चर यांनीं १८७६ च्या आपल्या बिअरवरील ग्रंथांत हा विषय विस्तारानें मांडला. १८५१ सालीं जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनीं द्रवांत पडणाऱ्या कणाच्या वेगाचा नियम सांगितला. त्याप्रमाणें कणाचा व्यास दुप्पट झाला तर बसण्याचा वेग चौपट होतो, दसपट झाला तर शंभरपट. कणांचे पुंजके बांधण्यांत एवढा लाभ कां, तें यावरून उघड होतें. पुंजके बांधणारी शक्ति विद्युद्भाराची आहे. बिअर किंचित आंबट असते. त्या आंबटपणांत किण्वाच्या पेशींवर ऋण भार असतो, तर कोलेजनावर व जिलेटिनावर धन भार असतो. दोहोंचें आकर्षण होऊन सरसाचे लांब रेणू पेशींना जाळ्यांत पकडल्याप्रमाणें एकत्र आणतात आणि तें जाळें खालीं बसतें. धूसरपणा आणणाऱ्या तुरट द्रव्यांशींही जिलेटिनाचा संयोग होतो.

राहिला जॅक्सनचा प्रश्न: उकळलेल्या सरसाचा गुण कां जातो? त्याचें उत्तर कोलेजनाच्या रचनेंत आहे, आणि ती रचना उलगडण्याचा मान भारतीयांकडे येतो. मद्रास विद्यापीठांतील गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनीं १९५४ सालीं कोलेजनाचा रेणु वेणीसारख्या गुंफलेल्या तीन धाग्यांचा असतो, असें प्रतिपादन केलें. थंड आम्लांत भिजविलेल्या माशाच्या सरसांत ही तिपेडी वेणी अभंग राहते, म्हणून त्याची पकड बळकट. उष्णतेनें ती उसवते, तिचे पेड सुटतात व तुटतात. जें उरतें तें जिलेटिन. म्हणून जिलेटिन तेंच काम करतें, पण थोड्या कमी कौशल्यानें. उलटपक्षीं तें स्वस्त आहे, कोणत्याही वाणसामानाच्या दुकानांत मिळतें, कोरडें ठेवल्यास बिघडत नाहीं, आणि तें आम्लांत कित्येक दिवस भिजवावें लागत नाहीं.

याच सोयीमुळें तें घरगुती बिअर करणाऱ्यांचें आवडतें साधन झालें. इंग्लंडांत १८८० सालापासून घरीं बिअर करणाऱ्यासही परवाना घेण्याचा नियम होता; अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनीं १९६३ च्या अंदाजपत्रकांत तो रद्द केला. अमेरिकेंत १९२० ते १९३३ या काळांत दारूबंदी होती. ती उठली तेव्हां घरगुती द्राक्षासवास मोकळीक मिळाली, पण बिअरचा उल्लेख कायद्यांत राहून गेला. अध्यक्ष जिमी कार्टर यांनीं १४ ऑक्टोबर १९७८ रोजीं स्वाक्षरी केलेल्या कायद्यानें ती उणीव भरून काढली. दोन प्रौढ माणसांच्या कुटुंबास वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर स्वतःपुरती करमुक्त करण्याची मुभा मिळाली. तरी राज्यांचे कायदे निराळे होते. मिसिसिपी व अलाबामा या राज्यांत ही परवानगी २०१३ सालीं आली. महाराष्ट्रांत मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून मद्य तयार करणें हा गुन्हा आहे, हें येथें सांगितलें पाहिजे.

या घरगुती कारागिरांची कृति साधी आहे. आंबण्याची क्रिया पूर्ण झालेली सुमारें वीस लिटर बिअर आधीं दोन ते चार अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात. थंडीनें प्रथिनें व तुरट द्रव्यें यांचा धूसरपणा प्रकट होतो. जें दिसत नाहीं तें पकडतांही येत नाहीं. मग बिनवासाच्या जिलेटिनाची सपाट चहाचा चमचाभर पूड पेलाभर थंड पाण्यांत फुगूं देतात आणि तें पाणी पासष्ट ते सत्तर अंशांपर्यंत तापवितात. उकळी येऊं देत नाहींत, कारण तिनें आधींच सुटलेले पेड आणखी तुटतात. तें पाणी थंड बिअरमध्यें ओतून दोन-तीन दिवस भांडें हलवीत नाहींत. तळाशीं गाळाचा थर बसतो व वरची बिअर कांचेसारखी होते. निवळ झालेल्या बिअरमध्येंही थोड्या किण्वपेशी राहतात, म्हणून बाटलींत साखर घातल्यास वायु उत्पन्न होण्यास अडचण येत नाहीं.

इतिहासाचा ओघ येथवर आला असतां एक नवा प्रश्न उपस्थित झाला, आणि तो रसायनाचा नसून सचोटीचा आहे. सरस गाळाबरोबर बहुतांशीं खालीं बसतो. पेल्यांत त्याचा लवलेशच उरतो. याच कारणास्तव युरोपीय संघानें २००७ सालीं बिअर व द्राक्षासव निवळविण्यास वापरलेल्या माशाच्या सरसाचा उल्लेख बाटलीवर करण्याची सक्ति ठेवली नाहीं. ॲलर्जीच्या दृष्टीनें हा निर्णय योग्य असेल. परंतु जो मनुष्य धर्मानें, संस्कारानें किंवा विचारानें प्राणिज पदार्थ वर्ज्य मानतो, त्याच्या प्रश्नाचें उत्तर मोजमापांत नाहीं. अंश किती उरला हें तो विचारीत नाहीं. माझ्यासाठीं प्राणी मारला गेला कीं नाहीं, हें तो विचारतो. परदेशांत शिक्षणास अथवा नोकरीस गेलेल्या अनेक शाकाहारी मराठी तरुणांना केवळ जव, हॉप व पाणी यांचेंच पेय म्हणून दिलेला पेला पूर्णपणें तसा नसेल, ही शक्यता मनांतही आली नसेल. डब्लिनच्या गिनेस कंपनीनें २०१५ सालीं गाळणीची नवी व्यवस्था बसवून माशाचा सरस वापरणें बंद करण्याचें जाहीर केलें, तें अशाच ग्राहकांच्या आग्रहामुळें.

पर्यायांची वाण नाहीं. उकळत्या काढ्यांत घालावयाचें आयर्लंडकडील समुद्रशैवाल, वाळूपासून केलेलें सिलिकेचें द्रावण, वाटाण्याचें प्रथिन, आणि सर्वांत जुना उपाय म्हणजे थंडावा व धीर. एवढेंच नव्हे, तर निवळपणाचा आग्रहही आतां पूर्वीइतका कडक राहिलेला नाहीं. अमेरिकेंतील बिअर कारखानदारांच्या संघटनेनें २०१८ सालीं गढूळ बिअरचे प्रकार आपल्या अधिकृत यादींत समाविष्ट केले. ती धूसरता तेथें दोष नसून लक्षण समजली जाते. ज्या गढूळपणाचा नायनाट करण्यासाठीं मर्डॉकला २००० पौंड मिळाले, तोच आज मुद्दाम राखला जात आहे.

इकडे आपल्या किनाऱ्यावरचें चित्र निराळें आहे. घोळ मासा पूर्वीइतका जाळ्यांत येत नाहीं. ऑगस्ट २०२१ मध्यें पालघरजवळील मुरबे गांवच्या एका नौकेस दीडशेंहून अधिक घोळ एकदम मिळाले व त्यांना एक कोटीहून अधिक रुपये आल्याची वार्ता सर्व वृत्तपत्रांनीं छापली, ती त्याच्या दुर्मिळतेमुळेंच. त्या किंमतीचा मोठा भाग पोटांतील एका पातळ पिशवीचा होता. ती कोठें जाते, कशासाठीं वापरली जाते, याची पुरती माहिती ती विकणाऱ्या कोळ्याला नसते, आणि पेला हातीं घेणाऱ्या ग्राहकाला तर नसतेच.

निवळी घासलेल्या भांड्यांतलें पाणी पिणाऱ्याला मात्र हें कधीं विचारावें लागलें नाहीं. बीं त्याच्या डोळ्यांदेखत घासलेलें असे. कारखाना व ग्राहक यांच्यांतील अंतर वाढलें, तसें हें ज्ञान एका बाजूस राहिलें. पेला निवळ आहे हें डोळ्यांना दिसतें. तो कशानें निवळला, हें ज्यानें निवळविला त्यानेंच सांगितलें पाहिजे.